लालीचे अनवाणी पाय

वहिनी, तुमची लाली पुन्हा लंगडते आहे. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच सांगतो, कारण तिला लंगडं मी केलंय.

तुमच्या तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी तुमच्याबद्दल खूप काही सांगितलं. हाताला चव होती, तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ होती. कशेळीहून आलेल्या तुमच्या मामांनी तर तुम्हाला देवीच करून टाकलं. तुम्ही ऐकलं असतंत तर पदर तोंडाला लावून हसला असतात. खुरांचा विषय मात्र कुणी काढला नाही. तुम्ही जन्मात सगळ्यात जास्त भांडलात ते घोड्याच्या खुरांवरून, आणि तेही माझ्याशी. ते भांडण अर्धं राहिलं होतं. तुमच्या माघारी मी ते जिंकून घेतलं. समोर होतं कोण म्हणा.

तुम्ही लग्न होऊन टेमघरात आलात, तेव्हा आमच्या टांग्याला हिरा नावाचा म्हातारा घोडा होता. अंगाची हळद उतरायच्या आत तुम्ही तबेल्यात गेलात, त्याचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतलात आणि म्हणालात, "याची टाच पार आवळली हाय. कोन बगतं का न्हाय याच्याकडं?" आईने कपाळाला हात लावला. दादा लाजला. मी चिडलो, कारण बघणारा मीच होतो. नव्या वहिनीशी दिराचं पहिलं बोलणं चहा-साखरेवरून होतं, आपलं घोड्याच्या टाचेवरून झालं. तिथून पुढे ते कधी थांबलंच नाही.

तुमच्या वडिलांची तट्टं खाडीच्या बांधावरून रेती वाहायची. चिखल, शिंपल्या, दगडगोटे, सगळ्यातून ती जायची आणि त्यांच्या पायाला नाल म्हणून कधी लागली नाही. तुम्ही त्यांच्या पायांतच वाढलात. मी भिवंडीच्या स्टँडवर वाढलो. आमच्याकडे घोडं आणलं की आधी नाल, मग नाव. त्यामुळे तुम्ही बोलायला लागलात की मी म्हणायचो, "वहिनी, ती खाडीची तट्टं, हा डांबरी रस्ता." तुम्ही म्हणायचात, "भावजी, पाय त्योच हाय."

गेल्या होळीच्या सुमारास, हिराच्या जागी आलेल्या आपल्या घोडीची, लालीची नाल उडाली ती खुराचा कपचा घेऊनच. हसनचाचा, स्टँडवरचे आपले नालबंद, कितीतरी वेळ तो पाय बघत बसले. खिळा धरायला खुराची भिंतच उरली नव्हती. दर वेळी भोकाशेजारी भोक पाडून तिची चाळणी झाली होती. "और ऊपर मारूँ तो गोश्त में जाएगी," चाचा म्हणाले. तुम्ही दुपारचा डबा घेऊन आला होतात. भर स्टँडवर कंबरेला पदर खोचून तुम्ही सांगितलंत, "मंग बाकीच्या तीन पायांच्या पन काढा." चाचा हसत हसत पकड शोधायला लागले आणि म्हणाले, "भाभी मेरी रोज़ी खाएगी." मला हसू आलं नाही. सगळे टांगेवाले बघत होते.

त्या संध्याकाळी तुम्ही मला लालीचा पाय दाखवलात. इतकी वर्षं टांगा हाकला, पण घोड्याचा पाय मी वरूनच पाहिला होता, माणूस शेजाऱ्याचं घर बघतो तसा. तुम्ही आपलं मधलं बोट जमिनीवर उभं टेकवलंत. "घोरं चालतं त्ये ह्या एका बोटावर. आनि त्ये काळं दिसतं त्ये त्याचं नख." नखाच्या आत हाड आहे, ते भिंतीला आतून चिकटून लोंबतं, भिंत फाकली की हाड खाली बसतं, हे तुम्ही एवढ्या सहज सांगितलंत की जणू आत जाऊन आला होतात. तळव्यावर टाचेकडून पुढे निमुळती होत येणारी ती मऊ, रबरासारखी जागा. चाचा तिला पुतळी म्हणायचे, म्हणून तुम्हीही पुतळीच म्हणायचात. टाच टेकली की पुतळी दबते, खूर जरासं उघडतं, पाय उचलला की मिटतं, आणि त्या उघडझापीने रक्त वर चढतं. "आपल्या आळीतला हापसा हाय ना, तसंच. नाल ठोकली की दांडा बांधून ठेवल्यावानी. मंग पानी कुठून येईल?"

मग तुम्ही सुरी माझ्या हातात दिलीत. मी आपल्या सवयीने तळवा सोलायला लागलो. स्टँडवर आम्ही सगळे तसंच करायचो. तळवा पांढराशुभ्र, पुतळी कोरून टोकदार, आणि वरातीला घोडी द्यायची असली की बाहेरून भिंतीवर कानस मारून, तेल लावून आरशासारखी चकाकी. जितकं जास्त काढाल तितकं काम चोख, अशी आमची समजूत. तुम्ही माझा हात धरला नाहीत, नुसतं म्हणालात, "भावजी, काकडी सोलताव का?" मी थांबलो. भिंतीवरची ती तकाकी म्हणजे खुराची साय, ती खरवडली की आतला ओलावा उडतो आणि खूर तडकतं. तळवा आपला आपण भुगा होऊन सुटतो, सुटेल तेवढाच घ्यायचा. पुतळीची लोंबती चिंधी काढायची, बाकी तिला हात लावायचा नाही. टाच थोडी थोडी उतरवायची, आणि कडेला आतून-बाहेरून कानस फिरवून ती थाळीच्या काठासारखी गोल करायची, म्हणजे दगडावर तिचे टवके उडत नाहीत. आज थोडं, आठ-दहा दिवसांनी आणखी थोडं. मला एका दिवसात सगळं उरकायची घाई असायची. तुम्ही म्हणायचात, खूर घाईने वाढत नाही आणि घाईने कापलेलं परत लावता येत नाही.

पहिले महिने लाली काचा पसरल्यासारखी चालायची. मी तुम्हाला बोल लावले. टांगा बंद, घोडी नुसती फिरवायची. स्टँडवर रोज एकच विषय. "काय रं, घोरीच्या चपला देवळात चोरीला गेल्या काय?" मी घरी येऊन तो राग तुमच्यावर काढायचो. तुम्ही कुठे गप्प बसणाऱ्या! "तुमच्या लग्नात नवरीला चपला घेऊ नका हां. खिळेच ठोका." आणि श्रावणात लाली त्याच डांबरावर टांगा ओढत दुडकी धावली. त्या दिवशी तुम्ही भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी दिलीत. ती मला आवडते हे तुम्हाला ठाऊक होतं. त्या चटणीसाठी मी तुमचे आभार मानायला हवे होते, आणि खुरासाठीही. मानले नाहीत. तुम्ही चिडवाल म्हणून.

नाला काढल्यापासून लालीचा आवाज गेला होता. पूर्वी ती नाक्यावर आली की घरात कळायचं. आता ती अंगणात येऊन उभी राहिली तरी पत्ता लागायचा नाही. मातीवर कुणी ओली उशी आपटावी असा थप्‌ थप्‌ आवाज, तोही कान दिला तर. मला ते कमीपणाचं वाटायचं. तुम्हाला त्यातच सगळं ऐकू यायचं. कावीळ होऊन तुम्ही खाटेला खिळलात, तेव्हा तुमची खाट ओटीवर खिडकीशी होती. मी टांगा सोडून लालीला आत आणत असलो की आतून तुमचा आवाज यायचा. "भावजी, आज पुढची टाच उशिरा टेकतंय. डावी." मी बघायचो तर डाव्या पुतळीत खडा. घोड्याची टाच आधी टेकायला हवी, मग पुढचा भाग. पाय दुखत असेल तर ते बोटावर चालतं. हे मला डोळ्यांनी पाहूनही कळायचं नाही, तुम्ही डोळे मिटून सांगायचात. डोळे तेव्हा हळदीसारखे पिवळे झाले होते.

शेवटचं भांडण त्याच खिडकीत झालं. मी एक मुद्दा काढला होता आणि त्यावर खूश होतो. म्हटलं, "वहिनी, खूर देवाने केलं, कबूल. पण डांबरी रस्ता देवाने केलेला नाही. तो माणसाने केला. मग नाल पण माणसानेच करायला पाहिजे." तुम्ही गप्प झालात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग हसलात आणि म्हणालात, "थांबा, याचं उत्तर माझ्याकडं हाय. जरा बरं वाटू द्या." त्यानंतर तुम्ही एकच मागणं मागितलंत. लालीच्या खुरावर वरून खाली येणारी नवी भिंत तुम्ही मला दाखवली होती. वर गुळगुळीत, भरीव, आणि खाली जुनी, भोकांची, फाकलेली. दोन्हींच्या मध्ये एक रेघ. "ही रेघ होळीपत्तर जमिनीला टेकंल. तवर खिळा मारू नका. मंग तुमचं तुम्ही ठरवा." मी हो म्हणालो. मान हलवली नाही, तोंडाने हो म्हणालो.

दसऱ्याच्या आधी तुम्ही गेलात. कार्तिकात तुळशीची लग्नं लागली आणि वराती सुरू झाल्या. पूर्ण्याचा एक वरबाप स्टँडवर आला. त्याला लालीचा रंग आवडला, चाल आवडली. मग त्याने तिला दोन पावलं चालवून पाहिली आणि म्हणाला, "आवाजच न्हाय हिला? वरात हाय माझ्या पोराची, मयत न्हाय. टापा वाजल्या पायजेत." सगळा स्टँड हसला. वहिनी, मयत हा शब्द ऐकून मला तुमची आठवण यायला हवी होती. मला आठवलं ते एवढंच की या लोकांनी मला होळीपासून हसून घेतलंय, आणि आज हे बंद करता येईल. मी म्हटलं, "वाजतील."

हसनचाचांनी पाय उचलला आणि खाली ठेवला. "अरे भाई, ये खुर अभी कच्चा है। भाभी होती तो मेरे हाथ से हथौड़ा छीन लेती।" मी म्हणालो, "भाभी नाही ना." चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले की निदान पुढचे दोनच पाय करू, खिळे कमी घालू. मी म्हटलं, चारही करा, आणि पक्के करा. माझ्या डोक्यात तोच मुद्दा फिरत होता, रस्ता माणसाने केला. तुम्ही उत्तर दिलं नव्हतंत, म्हणजे उत्तर नव्हतं, असं मी धरून चाललो होतो. भिंतीवर कानस मारून मी तिला तेलही लावलं. खुराची सगळी साय खरवडून काढली. लाली किती सुंदर दिसत होती म्हणून सांगू.

घरी आणली तेव्हा दुपार होती. दादा रात्रपाळी करून पॉवरलूमवरून आला होता आणि झोपला होता. फरशीवर टापांचा खडखडाट झाला तसा तो उठून बाहेर आला. त्याने लालीच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिच्या तेराव्याचं पानी तरी सुकू द्यायचं रं." एवढंच. आत जाऊन त्याने शर्ट घातला आणि ड्युटीला अजून वेळ असताना बाहेर पडला. दादा मला लहानपणापासून कधी ओरडला नाही, मारलं नाही. त्याने त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं.

पूर्ण्याची वरात झोकात निघाली. बँड होता, पण मला ऐकू येत होत्या त्या फक्त टापा. लोक मागे वळून बघत होते. माझी मान ताठ होती. हे लिहिताना लाज वाटते, पण तुमच्याशी खोटं बोलून जाणार कुठे? त्या घटकाभरात मला खरंच आनंद झाला होता. मांडवाशी नवरा उतरला आणि लालीने पुढचा डावा पाय उचलून नुसता टोकावर टेकवला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. खुराला हात लावला तर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं गरम. तिला पूर्ण्याहून टेमघरापर्यंत हाताने धरून चालवत आणली. तिचे तीन पाय वाजत होते. चौथ्याचा आवाज मला ऐकवत नव्हता.

सकाळी चाचांनी चारही पायांचे खिळे उपटले. एक मांसात गेलेला होता, तो ओला निघाला. त्यांनी तो मला दाखवला नाही, लुंगीच्या घडीत ठेवला आणि म्हणाले, "गरम पानी, नमक। और कोंडा बाँधो।" माझ्याकडे बघून बोलले नाहीत. तेव्हापासून मी रोज तिचा पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून बसतो, नंतर कोंड्याचं पोटीस बांधतो. पू निघून गेला. ती आता टेकते पाय, पण डाव्यावर भार टाकत नाही. स्टँडवर आता कुणी हसत नाही. ते हसले असते तरी चाललं असतं.

आणखी एक सांगायचं आहे. परवा पाय बांधताना मला खुराच्या वरच्या टोकाला, केसांच्या खाली, एक नवीन रेघ दिसली. बोट फिरवलं तर हाताला लागते, बारीक उंचवट्यासारखी. चारही पायांवर सारखीच. तुम्हीच शिकवलं होतंत की घोड्याला ताप आला, उपास पडला, खाणं बदललं की त्या दिवसांची रेघ खुरावर उमटते आणि हळूहळू खाली सरकते. मी दिवस मागे मोजत गेलो. ती तुम्ही गेलात त्या दिवसांची आहे.

दादाला दाखवली. तो म्हणाला, "मुक्या जनावराला पन कळलं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आळीतल्या बायकाही येऊन बघून गेल्या, हात जोडून गेल्या. लालीने तुमच्यासाठी अन्न सोडलं, असं आता सगळे म्हणतात. खरं ते नाही, वहिनी. त्या दिवसांत घर माणसांनी भरलं होतं आणि लालीला कुणी वैरण टाकली नाही. मलाच टाकायची होती. मी ओटीवर बसून तुमच्यासाठी रडत होतो आणि भिंतीपलीकडे तुमची घोडी उपाशी होती. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने भाताचा पेंढा टाकला म्हणून तिला काहीतरी मिळालं. दादाला हे मी सांगितलेलं नाही. त्याला ती रेघ लालीचा शोक वाटते, तो त्याच्याकडून कसा काढून घेऊ? तुम्हाला सांगतो आहे.

म्हणजे आता लालीच्या डाव्या खुरावर दोन खुणा आहेत. खाली माझ्या खिळ्यांची भोकं, वर तुमची रेघ. भोकं जमिनीच्या जवळ आहेत. होळीपर्यंत ती कानशीखाली निघून जातील. तुमची रेघ खाली यायला वर्ष लागेल, वर्षश्राद्धाच्या सुमाराला ती जमिनीला टेकेल. म्हणजे माझी लाज आधी मिटणार आणि तुम्ही नंतर. मला हे उलटं झालेलं हवं होतं. पण खूर कुणाचं ऐकत नाही, ते आपल्या चालीने वाढतं. आणि ती रेघ कानशीने काढायची ती मलाच. चाचांना सांगणार नाही.

तुमच्या त्या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला. रस्ता माणसाने केला, तर मग काय? कधी वाटतं, तुम्ही म्हणाला असतात, मग माणसाने हळू हाकावं. कधी वाटतं, उत्तर तुमच्याकडे नव्हतंच, तुम्ही मला नुसतं थांबवून ठेवलंत, होळीपर्यंत थांबवायचं होतं तसं. तसं असेल तरी हरकत नव्हती. उत्तर नसलेल्या माणसाचं ऐकायला मला काय झालं होतं?

आज सकाळी तुमची कानस घेतली. मुठीला तुम्ही गुंडाळलेली लुगड्याची चिंधी तशीच आहे. चारही पायांच्या कडा गोल केल्या, थोड्याच. तळव्याला हात लावला नाही. मग लालीला अंगणातून चालवत आणली, आणि तुम्ही करायचात तसे डोळे मिटून ऐकलं. थप्‌, थप्‌. टाच आधी टेकली की बोट, मला काही कळेना. पुन्हा फिरवून आणली, पुन्हा ऐकलं. तरीही कळेना. "वहिनी, डावी कशी टेकतेय?" असं खिडकीकडे तोंड करून मी विचारलं, आणि लालीचा लगाम धरून उत्तराची वाट बघत तिथेच उभा राहिलो.